खाण कंपनी अडचणीत येते तेव्हा : रोखेधारकाचा हक्क आणि भागधारकाची आशा

म्हैसूर हे नाव घेतले की दसऱ्याची मिरवणूक, चंदनाचा दरवळ आणि रेशमी वस्त्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. याच म्हैसूरहून मध्यंतरी एका ज्येष्ठ मराठी ग्राहकांचे पत्र आले. नोकरीच्या निमित्ताने तरुणपणी तेथे गेलेले आणि निवृत्तीनंतर सरस्वतीपुरम भागात स्थायिक झालेले हे गृहस्थ. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतील काही भाग त्यांनी एका खाण कंपनीच्या तारणयुक्त कर्जरोख्यांत गुंतविला होता. थोडे समभागही घेतले होते. आता त्या कंपनीविरुद्ध नादारीची प्रक्रिया सुरू झाली आहे. रोख्यांवरील व्याज थांबले आहे आणि ऐंशी रुपयांचा समभाग दोन रुपयांवर आला आहे.

त्यांचे प्रश्न दोन. पहिला असा : “कंपनी एकच, बुडाली तर दोन्ही बुडणार, मग रोखे आणि समभाग यांत फरक तो काय?” दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांचे पुतणे म्हणतात, “काका, खाण कुठे पळून जात नाही. दोन रुपयांना मिळतोय, तेव्हा आणखी घेऊन ठेवा.” घेऊ का, असे त्यांनी विचारले आहे.

हे प्रश्न केवळ त्यांचे नाहीत. आयुष्यभराची पुंजी हाताशी धरून बसलेल्या अनेक वाचकांच्या मनात ते असतील. योगायोग असा की, या प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जुन्या म्हैसूर संस्थानातील कोलार येथील सोन्याच्या खाणींनी सव्वाशे वर्षांच्या काळात या विषयाचे बहुतेक सर्व धडे गिरवून ठेवले आहेत.

धनको आणि मालक

प्रथम मूळ भेद स्पष्ट करू. कर्जरोखा घेणारा कंपनीचा धनको असतो. ठरलेले व्याज आणि मुदतीअंती मुद्दल एवढाच त्याचा हक्क. कंपनीला कितीही नफा झाला तरी त्याला अधिक काही मिळत नाही. समभाग घेणारा कंपनीचा अंशतः मालक असतो. सर्वांची देणी भागल्यावर जे उरेल ते त्याचे. उरले तर अमर्याद, न उरले तर शून्य. त्याची जबाबदारी मात्र भागाच्या दर्शनी किमतीपुरतीच मर्यादित राहते. त्याच्या घरादाराला हात लागत नाही.

सुखाच्या दिवसांत हा भेद जाणवत नाही. व्याजही येते, लाभांशही येतो. अडचणीच्या दिवसांत मात्र दोघांच्या वाटा फुटतात. धनकोला वाटते, आहे ते वाचवावे. मालकाला वाटते, आणखी एक डाव खेळून पाहावा. कारण हरल्यास त्याचे जायचे फारसे काही उरलेले नसते आणि जिंकल्यास सर्व लाभ त्याचाच असतो. खाण उद्योगात हा मोह सर्वांत मोठा, कारण पुढच्या दहा फुटांखाली काय आहे हे कोणालाच दिसत नसते.

तेरा हजार पौंडांचा प्रश्न

एका आयरिश माजी सैनिकाने, मायकेल लव्हेल याने, १८७५ मध्ये कोलार भागात खाणकामाचा परवाना मिळविला. त्याच्याकडून हक्क पुढे इतरांकडे गेले आणि १८८० च्या सुमारास लंडनमध्ये दक्षिण भारतातील सोन्याची एकच लाट उसळली. एकामागून एक कंपन्या निघाल्या, भाग हातोहात खपले आणि दोन-चार वर्षांत बहुतेक कंपन्यांचे भांडवल दगडात जिरून गेले. कोलारमध्येही एकेक काम बंद पडत गेले. टिकून राहिली ती १८८० मध्ये स्थापन झालेली म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी. पण तिचीही अवस्था नाजूक होती. १,३५,००० पौंडांच्या भांडवलापैकी जेमतेम १३,००० पौंड शिल्लक उरले होते.

बहुतेक भागधारकांचे मत असे पडले की, उरलेले पैसे वाचवावेत आणि उद्योग गुंडाळावा. व्यवहाराच्या दृष्टीने हे मत चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु जॉन टेलर यांनी काम चालू ठेवण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. कॅप्टन प्लमर यांना खाणीवर पाठविण्यात आले. जुन्या स्थानिक खणकऱ्यांनी खोदलेल्या विवरांचा माग काढत काम पुढे नेले गेले आणि १८८४-८५ च्या सुमारास ‘चॅम्पियन’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेली सुवर्णशिरा हाती लागली. कवडीमोल झालेले भाग सोन्याचे झाले.

ही कथा नेहमी धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते. गुंतवणूकदाराने तिच्यातील दुसरी बाजू पाहावी. हा डाव खेळता आला तो एका कारणाने : उरलेल्या पैशांचे काय करायचे हे भागधारकांच्याच हाती होते. त्या १३,००० पौंडांवर आधी कोणा धनकोचा ताबा बसला असता, तर त्याने ते खाणीत पुन्हा घालू दिले असते काय? त्याला सुवर्णशिरेत वाटा नव्हता. त्याला हवे होते फक्त आपले मुद्दल. तेव्हा भागधारकाची आशा कितीही बळकट असली, तरी निर्णय घेण्याचा अधिकार हाती असेपर्यंतच तिला अर्थ असतो.

ऊरेगमचे पाच शिलिंग

शेजारच्या ऊरेगम खाणीची कथा अधिक बोधप्रद आहे. १८८५ च्या सुमारास ऊरेगम गोल्ड मायनिंग कंपनीला नव्या पैशाची निकड होती. तिच्या एक पौंडाच्या, म्हणजे वीस शिलिंगच्या समभागाचा बाजारभाव अडीच शिलिंगवर आला होता. अशा कंपनीचा नवा भाग पूर्ण किमतीला कोण घेणार? संचालकांनी मार्ग काढला. लाभांशात अग्रक्रम असलेले एक पौंडाचे नवे भाग काढावयाचे. त्यांतील पंधरा शिलिंग भरलेच आहेत असे समजावयाचे आणि प्रत्यक्षात पाच शिलिंग घ्यावयाचे. भाग खपले, पैसा आला, कंपनी तगली. पुढे खाणीने यश दिले आणि या अग्रहक्क भागांचे मूल्य चांगलेच वाढले.

तेव्हा एका सामान्य भागधारकाने या व्यवहारालाच आव्हान दिले. हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८९२ मध्ये निकाल लागला. ‘ऊरेगम विरुद्ध रोपर’ या नावाने हा निकाल कंपनी कायद्याच्या अभ्यासात आजही शिकविला जातो. व्यवहार प्रामाणिक होता, कंपनीच्या हिताचा होता, हे न्यायाधीशांना मान्य होते. तरीही त्यांनी निर्णय दिला तो असा की, दर्शनी किमतीपेक्षा कमी रकमेत भाग देण्याचा अधिकार कंपनीला नाही. उरलेल्या पंधरा शिलिंगांची जबाबदारी भाग घेणाऱ्यावर राहते.

या कठोरपणामागचे तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. भागधारकाला मर्यादित जबाबदारीचे कवच मिळते, ते एका अटीवर : ठरलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम त्याने खरोखर दिली पाहिजे. त्या रकमेच्या भरवशावर धनको कंपनीला उधार देतो. कागदावर वीस शिलिंग आणि पेटीत पाच, असे झाले तर फसतो तो धनको.

आपल्या कायद्यातही हे तत्त्व उतरले आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ५३ नुसार सवलतीच्या किमतीत भाग काढण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. श्रमाच्या वा कौशल्याच्या मोबदल्यात दिले जाणारे भाग हा त्यातील मूळ अपवाद. २०१७ च्या दुरुस्तीने आणखी एक अपवाद जोडला गेला : वैधानिक निराकरण योजनेत किंवा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार होणाऱ्या कर्जाच्या पुनर्रचनेत धनकोच्या कर्जाचे रूपांतर भागांत करावयाचे असेल, तर ते सवलतीच्या किमतीत करता येते. ज्या धनकोच्या रक्षणासाठी हा नियम जन्मला, त्याच्याच सोयीसाठी तो आता थोडा सैल झाला आहे.

पंप थांबले तेव्हा

कोलारच्या खाणींचा बहर दीर्घकाळ टिकला. कावेरीवरील शिवनसमुद्रम येथे निर्माण झालेली वीज १९०२ मध्ये सुमारे १४७ किलोमीटर अंतर कापून या खाणींपर्यंत पोहोचली. १९५६ मध्ये म्हैसूर राज्य शासनाने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली.

तोवर खाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या होत्या. जितके खोल जावे तितका हवा, पाणी आणि आधारांवरील खर्च वाढत होता, तर टनामागे मिळणारे सोने घटत होते. १९९२ मध्ये प्रकरण औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे गेले. पुनरुज्जीवनाचे मार्ग निघेनात, तेव्हा २००० मध्ये मंडळाने अवसायनाची शिफारस केली आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणींचे काम थांबले. पंप थांबताच भूगर्भातील बोगद्यांत पाणी चढू लागले.

येथे भागधारक होते केंद्र शासन, म्हणजे पर्यायाने आपण सर्व. कोणा निवृत्त गृहस्थाचा समभाग शून्यावर आला नाही. पण नोकरी, घर आणि पाणी या सर्वांसाठी खाणीवर विसंबलेले संपूर्ण नगर उघड्यावर आले. कामगारांची देणी आणि मालमत्तेचा प्रश्न न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जागतिक निविदेचा मार्ग मोकळा केला, आणि २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने खाणीबाहेर साठलेल्या गाळाच्या टेकड्यांमधून सोने काढण्याच्या प्रस्तावास संमती दिली. काम थांबल्यानंतर तेवीस वर्षांनी!

वेळ हा खाणीचा मोठा शत्रू आहे. गिरणी बंद पडली तर यंत्रे विकता येतात, जमीन विकता येते. बंद खाणीत मात्र पाणी भरते, आधार कुजतात आणि मूल्य दिवसागणिक घटते. ते राखावयाचे तर नादारीच्या काळातही पंप चालू ठेवावे लागतात आणि तो खर्च इतर सर्वांच्या आधी वळता होतो.

आजची रांग

मंडळाची ती जुनी व्यवस्था २०१६ मध्ये संपुष्टात आली आणि नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ लागू झाली. प्रक्रिया सुरू होताच संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात. कारभार निराकरण व्यावसायिकाकडे जातो आणि निर्णय घेते ती वित्तीय धनकोंची समिती. भागधारकाला या समितीत मत नाही. रोखेधारकाला आहे, सामान्यतः त्याच्या वतीने ऋणपत्र विश्वस्त दावा दाखल करतो आणि मत देतो. समितीने ६६ टक्के मतांनी एखाद्या खरेदीदाराची योजना स्वीकारली आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने मान्य केली, तर कंपनी जगते. तसे न घडल्यास अवसायन होते आणि पैसे पुढील क्रमाने वाटले जातात :

१. प्रक्रियेचा आणि अवसायनाचा खर्च.
२. कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी आणि तारण सामायिक निधीत सोडून देणाऱ्या तारणयुक्त धनकोंचे कर्ज. हे दोघे समान पायरीवर.
३. इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांपर्यंतचे वेतन.
४. विनातारण वित्तीय धनको. विनातारण रोखेधारक येथे येतात.
५. शासनाची दोन वर्षांपर्यंतची देणी, तसेच तारण स्वतः विकून घेणाऱ्या धनकोची उरलेली बाकी.
६. इतर देणी.
७. अग्रहक्क भागधारक.
८. सर्वांत शेवटी समभागधारक.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, खाण कंपनीची मालमत्ता १०० कोटी रुपयांना विकली गेली. प्रक्रियेचा खर्च ५ कोटी. कामगारांची देणी २० कोटी आणि तारणयुक्त कर्ज १०० कोटी, मिळून १२० कोटी. उरलेले ९५ कोटी या दोघांत प्रमाणात वाटले जातील, म्हणजे रुपयामागे सुमारे ७९ पैसे. त्याखालच्या सर्वांना काहीच नाही. आता मालमत्ता १६० कोटींना विकली गेली असे धरू. खर्च आणि दुसरी पायरी भागवून ३५ कोटी उरतात. कर्मचाऱ्यांचे ५ कोटी दिल्यावर ३० कोटी. विनातारण रोखे ६० कोटींचे असतील, तर त्यांना रुपयामागे ५० पैसे. समभागधारकाला दोन्ही वेळा शून्य. त्याच्या हाती पहिला रुपया पडावयाचा तर मालमत्तेला १९० कोटी आणि वर शासनाची व इतरांची सर्व देणी भागतील एवढी किंमत यावयास हवी. तेवढी किंमत येण्यासारखी असती, तर कंपनी बहुधा या दारात आलीच नसती.

भूगर्भातील धन कोणाचे?

“खाण कुठे पळून जात नाही,” हे पुतण्यांचे म्हणणे खरे आहे. पण ती कंपनीची नसते, हेही तितकेच खरे. कंपनीकडे असतो तो खाणपट्टा, म्हणजे ठरावीक मुदतीचा आणि अटींनी बांधलेला खोदण्याचा हक्क.

याचा प्रत्यय कर्नाटकातच आला. टिफिन्स बॅरायटीज या कंपनीविरुद्ध मार्च २०१८ मध्ये नादारीची प्रक्रिया सुरू झाली आणि तिच्या कर्नाटकातील खाणपट्ट्याची मुदत त्याच वर्षीच्या मे महिन्यात संपत होती. मुदतवाढीची मागणी राज्य शासनाने अटींच्या उल्लंघनाचे कारण देऊन नाकारली. न्यायाधिकरणाने शासनाला मुदतवाढीचा करार करून देण्याचा आदेश दिला. परंतु ३ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, खनिज कायद्याखाली शासनाने घेतलेल्या अशा निर्णयाची तपासणी करण्याचा अधिकार या न्यायाधिकरणाला नाही. ज्या पट्ट्याच्या भरवशावर धनकोंनी हिशेब मांडावा, तो पट्टाच त्यांच्या हाताबाहेर राहिला. पुढे संहितेत दुरुस्ती होऊन केवळ नादारीच्या कारणाने परवाने वा सवलती रद्द करता येणार नाहीत अशी तरतूद झाली. मात्र चालू देणी भरली जात असतील तरच. संपलेली मुदत या तरतुदीने वाढत नाही.

तात्पर्य, खाण कंपनीच्या रोख्यावर ‘तारणयुक्त’ हा शब्द वाचला तरी तारण नेमके कशाचे, हे विचारलेच पाहिजे.

परदेशातील एक दाखला

अमेरिकेतील पीबॉडी एनर्जी ही कोळसा क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी एप्रिल २०१६ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरच्या दायित्वासह न्यायालयाच्या आश्रयाला गेली. एका वर्षाने, एप्रिल २०१७ मध्ये, ती बाहेर पडली. खाणी त्याच, नावही तेच. जुने समभाग मात्र रद्द झाले. ज्यांच्याकडे रोखे होते त्यांना नव्या कंपनीच्या मालकीत वाटा मिळाला. कंपनी वाचली, पण भागधारक वाचला नाही. आपल्याकडेही मान्य झालेल्या निराकरण योजनेत जुने समभाग रद्द वा नाममात्र होऊ शकतात. “कंपनी वाचणार” या बातमीने समभागाचा भाव चढतो, तेव्हा हा भेद अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

म्हैसूरच्या पत्राचे उत्तर

आता त्या ज्येष्ठ ग्राहकांच्या प्रश्नांकडे वळू. पहिल्याचे उत्तर आलेच आहे : कंपनी एकच असली तरी रांगेतील जागा वेगळ्या आहेत. त्यांच्या तारणयुक्त रोख्यांना काही मिळण्याची शक्यता आहे. म्हणून त्यांनी ऋणपत्र विश्वस्ताने दावा मुदतीत दाखल केला आहे काय याची लेखी विचारणा करावी, रोख्यांची कागदपत्रे आणि व्याजाच्या नोंदी जपून ठेवाव्यात, विश्वस्ताने बोलाविलेल्या सभेत मत नोंदवावे आणि घाबरून मिळेल त्या किमतीला रोखे विकण्यापूर्वी तारणाचा तपशील पाहावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऊरेगमच्या पाच शिलिंगांत आहे. त्या काळी पडत्या कंपनीचे भाग घेऊन ज्यांनी लाभ मिळविला, त्यांनी पैसा कंपनीत घातला होता आणि त्याच्या मोबदल्यात लाभांशाच्या रांगेत पुढची जागा मागून घेतली होती. तरीही कायद्याने त्यांना पंधरा शिलिंगांची आठवण करून दिली. आज बाजारात दोन रुपयांना समभाग घेणाऱ्याचे पैसे खाणीत जात नाहीत, पंपासाठी वापरले जात नाहीत. ते समभाग विकून मोकळ्या होणाऱ्याच्या खिशात जातात. घेणाऱ्याला मिळते ती रांगेतील आठवी जागा. दोन रुपये स्वस्त वाटतात ते ऐंशीशी तुलना केल्यामुळे. तुलना शून्याशी करावयास हवी.

जॉन टेलर यांचा डाव यशस्वी झाला म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. त्याच वर्षांत त्याच लाटेत बुडालेल्या इतर कंपन्यांच्या भागधारकांच्या कथा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. निवृत्तीची पुंजी गुंतविताना या न लिहिल्या गेलेल्या कथांचेही स्मरण ठेवावे. आमच्या ज्येष्ठ ग्राहकांनी पुतण्यांचा सल्ला न मानता विश्वस्तांना पत्र लिहावे, एवढेच आम्ही नम्रपणे सुचवितो. आणि ते पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपून ठेवावी, हेही.